टोमॅटोची फुलं गळतात, लिंबू पिवळं पडलंय: परभणीच्या स्लॅबवरचं माळवं

वाचकाचं पत्र

आम्ही परभणीत राहतो. घराच्या स्लॅबवर साधारण ५०० चौरस फूट जागा आहे. फेब्रुवारीत टोमॅटोची आठ, मिरचीची सहा आणि वांग्याची चार रोपं आणली. काळ्या ग्रो बॅगमध्ये शेतातली काळी माती आणि शेणखत भरून लावली. टोमॅटो कमरेएवढे वाढले, फुलंही भरपूर, पण सगळी पिवळी पडून गळतात. आठ झाडांना मिळून चार टोमॅटो लागले. मिरचीची पानं आकसून गेलीत. अर्ध्या ड्रममध्ये कागदी लिंबाचं झाड आहे, त्याची नवी पालवी पिवळी येते. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, म्हणून झाडांना बोअरचं देते. आरओमधून वाया जाणारं आणि कुलरच्या टाकीत उरलेलं पाणीही झाडांनाच घालते. दोन वेळा पाणी देऊनसुद्धा दुपारी झाडं माना टाकतात. ऊन जास्त होतंय की खत कमी पडतंय? आणि सासूबाई म्हणतात, उन्हाळ्यात कोथिंबीर पेरणं म्हणजे धणे वाया घालवणं. खरंय का?

उत्तर

ताई, सगळ्यात आधी एक सांगतो: आता खत अजिबात घालू नका. तुमच्या झाडांना उपास घडत नाहीये. मुळांना चटके बसतायत आणि त्यांना खारं पाणी प्यावं लागतंय. अशा मुळांवर खत पडलं की मातीतले क्षार आणखी वाढतात आणि जी चार मुळं काम करतायत तीही बंद पडतात.

टोमॅटोपासून सुरुवात करू. गळून पडलेलं एक फूल हातात घेऊन बघा. देठाच्या मध्यावर गुडघ्यासारखी एक गाठ असते, फूल तिथूनच सुटलेलं दिसेल. फळ धरलं नाही की झाड त्या गाठीवर फूल सोडून देतं. फळ न धरण्याचं कारण उष्णता. दिवसाचा पारा ३५ अंशांच्या पुढे आणि रात्रीचा २२-२४ च्या वर राहिला की टोमॅटोचे परागकण निकामी होतात. परभणीला एप्रिल-मेमध्ये दिवसा ४२-४३ आणि रात्री २५-२६ अंश असतात. दिवसाच्या उन्हाला आपण जाळी लावू शकतो, रात्र थंड करता येत नाही. दुकानात फूलगळीवर औषध मिळेल, पण कुंडीतल्या आठ झाडांसाठी या हवेत त्याच्या नादी लागू नका. फुलं थोडी जास्त टिकतील, खाण्याजोगं फळ क्वचितच येईल.

म्हणून आपल्याकडे बागेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं असं धरून चाला. मार्च ते मे हे बाग जगवायचे महिने आहेत, पिकवायचे नाहीत. फेब्रुवारीत लावलेल्या टोमॅटोला फुलं येतात तीच एप्रिलच्या उन्हात. यात तुमच्या निगराणीचा काही दोष नाही, लावणीची वेळ चुकली. टोमॅटोचं बी गणपतीच्या सुमारास ट्रेमध्ये टाका. २५ ते ३० दिवसांची रोपं नवरात्राच्या आसपास पिशवीत लावा. लावल्यापासून ६५-७५ दिवसांत पहिला तोडा मिळतो, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी, जेव्हा आपल्याकडची रात्र टोमॅटोला मानवते. दुसरी खेप दिवाळीत लावली तर मार्चपर्यंत फळं चालतात. त्यानंतर झाड कितीही हिरवंगार दिसलं तरी मोह सोडून उपटावं.

आताची आठही झाडं काढून टाका, पाणी वाचेल. वांगी मात्र ठेवा, वांगं ऊन सोसणारं आहे. मेच्या अखेरीस त्याचा निम्मा शेंडा छाटा, पावसात नवी फूट येऊन पुन्हा धरेल.

आता दुपारी माना टाकण्याबद्दल. तीन वाजता पिशवीच्या पश्चिमेकडच्या बाजूला तळहात लावून बघा, क्षणभरही ठेववणार नाही. आत चार बोटांवर मुळं आहेत. माती ३८-४० अंशांच्या पुढे गेली की मूळ पाणी ओढायचं थांबवतं, मग माती ओली असली तरी पान सुकतं. त्यावर अजून पाणी ओतलं की मूळ कुजतं. ओळखायची खूण सोपी आहे. दुपारी मान टाकलेलं झाड संध्याकाळी सातपर्यंत सावरलं तर त्याला काही करू नका. सकाळी सहालाही मान खालीच असेल तर बोट दोन पेरं मातीत घाला. कोरडं लागलं तर पाणी द्या. ओलं लागलं तर मुळाला इजा झाली आहे असं समजा आणि पाणी आवरा.

पिशव्या एकमेकींना चिकटवून ठेवा आणि पश्चिमेच्या रांगेला बारदाना गुंडाळा. बारदाना मिळत नसेल तर पिशवीला बाहेरून चुना फासा. खाली विटा द्या, कारण तापलेला स्लॅब रात्री दहापर्यंत तळाला भाजत राहतो. मातीवर सोयाबीनचं भुसकट किंवा उसाचं पाचट तीन बोटं जाड पसरा, खोडाभोवती दोन बोटं जागा सोडून. हे आच्छादन आपल्याकडे फुकटात मिळतं आणि शेडनेटइतकंच काम करतं, तरी बहुतेक घरी आधी नेट विकत घेतलं जातं. नेट लावायचं असेल तर आता ५० टक्के सावलीचं, सात-आठ फूट उंचीवर आणि पश्चिमेची बाजू झाकून लावा. बुटकं लावलं तर खाली गरम हवा कोंडते. दोऱ्या सरकगाठीने बांधा. मेमधला वळवाचा वारा जाळी खांबासकट उचलतो, आभाळ भरून आलं की पटकन सोडता आली पाहिजे. पाऊस लागला की नेट काढून ठेवा, नाहीतर भेंडी नुसती उंच जाते.

माती भरतानाही चूक झाली आहे. शेतात काळी माती सोन्यासारखी असते, पण पिशवीत ती एकटी चालत नाही. ओली झाली की फुगून घट्ट बसते आणि मुळाला हवा मिळत नाही. वाळली की आकसून पिशवीच्या कडेपासून सुटते. त्या फटीतून पाणी सरळ खाली जातं आणि तळातून बाहेर येतं. आपल्याला वाटतं माती भिजली, पण मधला गड्डा कोरडाच असतो. रिकाम्या झालेल्या टोमॅटोच्या पिशवीत हे बघता येईल. पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने मधोमध एक तुराटी आठ इंच खोचा आणि ओढून काढा. टोक कोरडं निघालं तर हेच चाललंय.

नवीन भरताना एक घमेलं काळी माती, एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत आणि एक घमेलं कोकोपीट किंवा कुजवलेला पालापाचोळा घ्या. कोकोपीट तीन वेळा पाण्यात धुऊन पिळा, त्यातही मीठ असतं. निचऱ्यासाठी थोडा चाळलेला मुरूम चालेल, पण तांबूस घ्या, पांढरट नको. पांढऱ्या मुरमात चुनखड असते. शंका आली तर चिमूटभर मुरमावर बाथरूम साफ करायच्या ॲसिडचे दोन थेंब टाका, लांबून आणि हात सांभाळून. फसफस झाली तर तो मुरूम बागेत नको. १२ इंची पिशवीत साधारण १८ लिटर मिश्रण बसतं, त्यात १०० ग्रॅम निंबोळी पेंड मिसळा. शेणखत मुठीत दाबल्यावर शेणाचा वास आला किंवा ढीग आतून गरम लागला तर ते कच्चं आहे. कच्च्या खतातून हुमणी येते आणि मुळं खाते.

टोमॅटोची माती फेकू नका. ती जमिनीवर पसरून ओली करा. वर पारदर्शक प्लास्टिक अंथरून कडा मातीने दाबा आणि महिनाभर तशीच राहू द्या. काळं प्लास्टिक नको, पारदर्शक कागदाखाली माती जास्त तापते. मे महिन्याचं परभणीचं ऊन त्यातली बुरशी, सूत्रकृमी (मुळांना लागणारे बारीक किडे) आणि तणाचं बी बरंचसं मारून टाकेल. एरवी झाडाला नको असलेलं हे ऊन इथे उपयोगी पडतं.

खरं दुखणं पाण्याचं आहे आणि ते जरा बारकाईने बघायला हवं. पिशवीच्या तळाशी भोकाजवळ आणि ड्रमच्या कडेला पांढरी खपली जमली असेल, नखाने खरवडली तर पिठासारखी निघते. ती बोअरच्या पाण्यातल्या क्षारांची. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, आणि रोज दोन वेळा पाणी म्हणजे रोज दोन वेळा नवे क्षार. आता आरओचं गणित बघा. मशीनमध्ये चार लिटर पाणी गेलं आणि एक लिटर प्यायला मिळालं, तर चार लिटरांतले जवळजवळ सगळे क्षार उरलेल्या तीन लिटरांत आले. बोअरचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, १२०० असेल तर त्या सांडपाण्याचा १६०० होतो. कुलरचं त्याहून वाईट. टाकीतलं पाणी दिवसभर उडतं, क्षार तिथेच राहतात, वर आपण पुन्हा बोअरचंच भरतो. आठवड्याने तळाशी उरलेलं पाणी झाडाला घालणं म्हणजे मिठाचं पाणी घालणं. पाणी वाया जाऊ नये ही तुमची काळजी अगदी रास्त आहे, आपल्या भागात ती असायलाच हवी. फक्त ते पाणी फरशी पुसायला, संडासात ओतायला, अंगणात सडा मारायला वापरा. एसीच्या नळीतून टपकणारं पाणी मात्र पावसासारखं असतं, ते खुशाल झाडांना द्या.

आरओ दुरुस्त करणाऱ्याकडे टीडीएस मीटर असतो, बोअरचं पाणी मोजून घ्या. ५०० च्या आत असेल तर निर्धास्त राहा. ५०० ते १५०० असेल तर खाली सांगतो तशी काळजी घेऊन निभावतं. १५०० च्या वर असेल तर कुंडीला निदान निम्मं तरी गोडं पाणी मिसळल्याशिवाय देऊ नका. नेमका अहवाल हवा असेल तर वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ तुमच्या गावातच आहे, पाणी आणि माती तपासून घ्यायची सोय कुठल्या विभागात आहे ते तिथे विचारा.

पाणी द्यायची रीत बदला. थोडं थोडं दोनदा देण्यापेक्षा सकाळी आठच्या आत एकदाच पोटभर द्या, इतकं की तळातून पेलाभर बाहेर यावं. बाहेर येणारं ते पाणीच क्षार घेऊन जातं. वरवर शिंपडलं की क्षार वरच्या चार इंचांत साठतात. वांग्याच्या १२ इंची पिशवीला या दिवसांत दीड ते दोन लिटर लागतात. नळी उन्हात पडलेली असेल तर आधीचं गरम पाणी बादलीत काढा, मगच झाडाकडे न्या. नळाला पाणी येईल त्या दिवशी लिंबाच्या ड्रमला गोड्या पाण्याच्या तीन-चार बादल्या सावकाश, तासाभराच्या अंतराने घाला आणि खालून जाऊ द्या. सगळ्या पिशव्या अशा धुवायला पाणी पुरणार नाही, म्हणून मान आधी लिंबाचा. भाजीच्या पिशव्या पाऊस धुऊन काढेल.

पावसाचं गणितही मांडून ठेवा. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी देतो. तुमची गच्ची ४६ चौरस मीटर. एका २० मिलिमीटरच्या पावसात ९०० लिटर पाणी पन्हाळीतून वाहून जातं. जूनच्या आत पन्हाळीखाली २०० लिटरचे दोन ड्रम ठेवा, तोंडाला डासाची जाळी बांधा. पहिला पाऊस गच्ची धुऊन जाऊ द्या, दुसऱ्यापासून भरा. ते पाणी रोपांच्या ट्रेसाठी आणि लिंबासाठी राखून ठेवा.

चार दिवस गावाला जायचं झालं तर लिंबाच्या ड्रममध्ये चार-पाच लिटरचं कच्च्या भाजणीचं मातीचं गाडगं गळ्यापर्यंत पुरा, पाणी भरून वर झाकणी ठेवा. रंग दिलेलं किंवा चकाकी असलेलं गाडगं पाझरत नाही, ते घेऊ नका. यातही गोडं पाणीच घाला. बोअरच्या पाण्याने वर्षभरात छिद्रं बुजतात, मग गाडगं नुसतं भरलेलं राहतं आणि झाड बाजूला वाळतं.

लिंबाकडे वळू. पिवळेपणा कुठल्या पानावर आहे ते आधी बघा. जुनी, खालची पानं पिवळी असती तर नत्र कमी म्हटलं असतं. तुमच्याकडे नवी पालवी पिवळी आहे. तिच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर लोह मिळत नाहीये. पानं बारीक, अरुंद आणि ठिपक्या-ठिपक्यांनी पिवळी असतील तर जस्त. पानाचं टोक करपून तपकिरी झालं असेल तर ते मीठ. काळ्या चुनखडीच्या मातीत आणि क्षाराच्या पाण्यात लोह असतं, पण झाडाला घेता येत नाही. म्हणूनच मुळाशी हिराकस (फेरस सल्फेट) टाकून उपयोग होत नाही, तोही तसाच अडकून पडतो. पानांवर फवारा. चिलेटेड फेरस १ ग्रॅम आणि चिलेटेड झिंक १ ग्रॅम एक लिटर पाण्यात, संध्याकाळी ऊन उतरल्यावर, पंधरा दिवसांच्या अंतराने तीन वेळा. फवाऱ्याला गोडं पाणी घ्या. आधीची पिवळी पानं पूर्ण हिरवी होतीलच असं नाही, पुढची पालवी बघून फरक ठरवा.

ड्रमच्या तळाला अंगठ्याएवढी पाच-सहा भोकं आहेत ना, आणि ती बुजलेली नाहीत ना, हेही बघून घ्या. ओल्या मातीचा अर्धा ड्रम सव्वाशे-दीडशे किलोंपर्यंत भरतो, तो स्लॅबच्या मधोमध नको, भिंतीच्या किंवा बीमच्या वर हवा. पावसाळ्यात पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखे काळे-पांढरे ठिपके दिसले तर हात लावून बघा. बहुतेक त्या फुलपाखराच्या अळ्या असतात आणि दोन दिवसांत एक फांदी बोडकी करतात. औषधाची गरज नाही, सकाळी वेचून काढा. पुढे दुसरं झाड लावायचं मनात आलं तर विक्रम किंवा प्रमालिनी हे विद्यापीठातूनच आलेले कागदी लिंबाचे वाण आहेत, जून-जुलैत लावा.

मिरचीचा चुरडा-मुरडा एकाच कारणाने होत नाही आणि औषध त्यावरच ठरतं. पानाच्या कडा वर वळून पान होडीसारखं झालं असेल तर फुलकिडे. एक कोवळा शेंडा पांढऱ्या कागदावर झटका, सुईच्या टोकाएवढे पिवळट किडे पळताना दिसतील. कडा खाली वळून पान उलट्या होडीसारखं आणि देठ लांबलेला असेल तर कोळी (जाळं विणणारा नव्हे, पानातला रस शोषणारी बारीक कीड). पानं बारीक, गुच्छासारखी, शिरा जाड आणि झाड खुजं राहिलं असेल तर पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. त्याला औषध नाही, ते झाड आजच उपटून बाहेर टाका, म्हणजे बाकीची वाचतील. फुलकिडे आणि कोळ्यासाठी ५ टक्के निंबोळी अर्क पुरतो. ५० ग्रॅम निंबोळ्यांची भरड रात्रभर फडक्यात बांधून एक लिटर पाण्यात भिजवा, सकाळी पिळून गाळा, चिमूटभर साबणाचा चुरा मिसळा आणि त्याच दिवशी संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारा. आठवड्याने पुन्हा. कोळ्यावर गंधक चांगलं चालतं, पण या उन्हात पानं जाळतं, ते हिवाळ्यासाठी ठेवा. जून-जुलैत कडुनिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो. तेव्हा दोन किलो वेचून सावलीत वाळवा, वर्षाची सोय होते.

मृगाचा पाऊस झाला आणि हवा उतरली की भेंडी, गवार, चवळी, दोडका आणि अंबाडी पेरा. भेंडीचं बी रात्रभर भिजवून इंचभर खोल, एका पिशवीत दोन झाडं. चार माणसांच्या घराला बारा झाडं लागतात. परभणी क्रांती हा वाण केवड्याला, म्हणजे पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या विषाणू रोगाला, दाद देत नाही म्हणून नावाजला गेला. आता काही ठिकाणी त्यावरही केवडा दिसतो, तरी घरगुती बागेला तो चांगलाच, शिवाय बी पुढच्या वर्षासाठी धरता येतं. ४५-५० दिवसांत तोडा सुरू होतो, मग एक दिवसाआड तोडलीच पाहिजे, नाहीतर झाड जून होतं. दोडक्याला तुराट्यांचा मांडव पुरतो. मेथी, पालक, शेपू आणि करडईची भाजी ऑक्टोबरच्या आधी नको.

कोथिंबिरीचं म्हणाल तर सासूबाईंचा अनुभव उघड्या उन्हातला आहे आणि तिथे तो बरोबरच आहे. नेटखाली मात्र ती येते. सहा इंच खोल पसरट ट्रे घ्या. धणे लाटण्याने हलके रगडून दोन फोडी करा, अख्खा धणा टाकला तर उगवण विरळ होते. १२ तास गोड्या पाण्यात भिजवा, मग ओल्या फडक्यात बांधून माठाशेजारी एक दिवस ठेवा. अर्धा इंच खोल पेरून वर ओला बारदाना अंथरा आणि तो दिवसातून दोनदा शिंपडत राहा. रोज सकाळी बारदाना उचलून बघा. पहिले कोंब दिसले की लगेच काढा, एक दिवस उशीर झाला तरी कोंब पिवळे पडून लोळतात. सगळा ट्रे एकदम पेरू नका, दर आठवड्याला एक पट्टा पेरा. महिना-पस्तीस दिवसांत, वीतभर होण्याच्या आतच मुळासकट उपटून स्वयंपाकघरात न्या. या हवेत त्यापुढे ठेवली तर दांडा निघून फुलावर येते.